रिकामी चरवी

१

गाडी तापायची. चढ लागला की तापायची, ऊन चढलं की तापायची, आणि यातलं काहीच नसलं तर सुगतला चिडवायला म्हणून तापायची. लग्नाची वऱ्हाडं वाहून वाहून थकलेली ती मिनीबस सुगतनं मागच्या उन्हाळ्यात घेतली, सीटा उपटून टाकल्या, दोन बाकं ठोकली, गॅसची शेगडी बसवली, टपावर पाण्याची टाकी चढवली आणि मागं सायकली अडकवायला लोखंडी चौकट मारून घेतली. नांदेडात गल्लीतले लोक विचारायचे, "काय सुगतराव, घर विकलं का काय?" तो तिला घरगाडी म्हणायचा. लुंबिनी, त्याची बायको, तिला खटारा म्हणायची, पण सायकल मारायचं वेड तिलाही होतं. त्या वेडापायी जानेवारीतल्या सुट्ट्या टाकून ती पोस्टातल्या खिडकीवरून उठून या खटाऱ्यात येऊन बसली होती.

मागच्या बाकावर सरजाबाई, सुगतची आई. पांढरं पातळ, कपाळावर जुना व्रण, एक गुडघा कायमचा दुखरा. मांडीवर सूप आणि सुपात शेंगा. दोन शेंगा फोडायच्या, थांबायचं, फुंकर मारायची. पुन्हा दोन शेंगा, थांबायचं, फुंकर. गाडीतला गाण्यांचा डबा नांदेड सोडतानाच बंद पडला होता, त्यामुळं दोघांना हेच ऐकावं लागत होतं.

सरजाबाईचं माहेर रेणापूर. भाऊ वारला तेव्हापासून ती तिकडं फिरकली नव्हती. "एकदा डोळ्यानं बघून येऊ द्या," म्हणाली, म्हणून तिला बरोबर घेतलं. निघताना नणंद धम्मप्रिया गाडीच्या दारात आडवी उभी राहिली होती.

"वयनी, दादाचं मला काही सांगू नको. त्याला गाडीशिवाय काही दिसत न्हाई. मायला तू घेऊन चाललीस. जशी नेली तशी आणून द्यायची, समजलं?"

"जशीच्या तशी आणते," लुंबिनी म्हणाली होती. ते तिनं नुसतं तोंडानं म्हटलं नव्हतं. तिची स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेली. लग्नानंतर पोस्टाची परीक्षा दिली ती सरजाबाईच्या जिवावर. सून अभ्यासाला बसली की ही बाई तिला चुलीपाशी फिरकू द्यायची नाही. लुंबिनी तिला माय म्हणायची आणि ते मनापासून असायचं.

२

देगलुरात चहावाल्यानं टोकलं होतं. "अक्का, पाणी भरून घ्या. पुढं लई लांब काही लागत न्हाई."

"टाकी भरलेली हाय," सुगत तोऱ्यात म्हणाला. टाकी भरलेली होतीच, पण तिची तोटी त्यानंच बसवली होती. उदगीरच्या वाटेवर गाडीनं वाफ सोडली, तेव्हा टाकीत थेंब नव्हता. सगळं पाणी वाटेवर गळून गेलं होतं.

"आता बोला," लुंबिनी म्हणाली.

सुगत बोलला, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एक घर होतं. पत्र्याचं, निळ्या दाराचं. चौफेर उभी ज्वारी. लुंबिनी कॅन घेऊन निघाली. अंगण ताजं सारवलेलं होतं. कुत्रं भुंकलं नाही. दोरीवर कपडा नव्हता, चुलीचा वास नव्हता, दाराशी चप्पल नव्हती. ती अंगणातून चालली आणि सहज वळून पाहिलं, तर ओल्या सारवणात तिच्या पायांचे ठसे उमटले होते. दुसऱ्या कोणाचे नव्हते. मग सारवणारी बाई आत कशी गेली? मागून गेली असेल, लुंबिनीनं स्वतःला सांगितलं. घराला मागचं दार असतं की.

"मावशी, जरा पाणी मिळंल का? गाडी तापलीया."

दारात कोणीतरी उभं होतं. आत अंधार, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, दिसत होता तो फक्त हात. हात म्हातारा, शिरा वर आलेल्या. लुंबिनी मनातून तयार झाली. अशा घरी आधी पाणी मिळत नाही, आधी विचारतात. कुठले, कोणाचे, आडनाव काय. तिचं उत्तर जिभेवर तयार होतं आणि त्याला थोडी धारही होती. पण कोणी काही विचारलं नाही. त्या हातानं कॅनकडं लक्षच दिलं नाही. आतून काठोकाठ भरलेली पितळी चरवी आली आणि सरळ लुंबिनीच्या हातात दिली गेली. बोटाला बोट लागलं, ते गारठून गेलेलं होतं.

गाडीपाशी आली तर सरजाबाई खिडकीतून बघत होती.

"हातात दिली?"

"हाव."

"इचारलं न्हाई?"

"न्हाई माय."

सरजाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. "आम्ही ल्हान होतो तवा रेणापुरात हिरीवर जायचो," ती म्हणाली. "हिरीवर म्हंजी हिरीपासून लांब. वरून वतायचे. वंजळ धरायची. पोटात घोटभर जायचं आन कोपरापस्तोर समदं वल्लं व्हायचं. माझ्या हातून कोणी असं पाणी पिणार न्हाई, ही तवाच शपथ घेतली म्या." मग डोळे पुसून म्हणाली, "लई भली बाई दिसती. पोरी, रिकामं भांडं देऊ नको बरं. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं."

हे काही नवीन नव्हतं. शेजारणीची वाटी परत करताना चिमूटभर साखर तरी टाकायची, हे लुंबिनीच्याही हाडात होतं. पाणी इंजिनात गेलं. चरवी पुसताना तिला गळ्याशी कोरलेलं नाव दिसलं. ते खरवडून काढलेलं होतं. त्याच्याखाली आणखी एक, तेही खरवडलेलं. मोडीतली घेतली असेल. सरजाबाईनं सुपातल्या शेंगा ओंजळी ओंजळीनं चरवीत भरल्या आणि लुंबिनी ती परत देऊन आली.

म्हणजे देऊ लागली. त्या हातानं चरवी घेतली, जरा वर-खाली करून वजन बघितलं आणि पदराआडून आवाज आला, "कमी हाय."

लुंबिनीच्या मस्तकात तिडीक गेली. आभार मानायचे राहिले आणि ती तरातरा चालत गाडीशी आली. "असली कसली भली बाई!" ती म्हणाली. सरजाबाईनं मात्र मान हलवली. "कमीच पडलं असल. मूठभर शेंगांनी काय व्हतंय."

३

उदगीर मागं पडलं आणि लुंबिनीनं सायकल उतरवली. सुगत मागून सावकाश येणार होता. रस्ता पठारावरून सरळ चालला होता, दोन्ही बाजूंना करडई फुललेली, वारा पाठीवर. तिनं इतकी जोरात सायकल मारली की डोळ्यांत पाणी आलं. कमी हाय म्हणे! जा गं बाई, ठेव तुझी चरवी तुझ्यापाशी. ती स्वतःशीच हसली आणि उतारावर पायडल सोडून दिलं.

उतार संपला तिथं ते घर होतं.

पत्र्याचं, निळ्या दाराचं. चौफेर करडई होती, तेवढाच फरक. तिनं ब्रेक दाबला. एका ठेकेदारानं बांधली की घरं सारखीच दिसतात, ती मनाशी म्हणाली. निळा रंग स्वस्त मिळतो, सगळेच लावतात. अंगण ताजं सारवलेलं होतं. तेही सगळेच सारवतात. पण सारवणात एकाच माणसाच्या पायांचे ठसे दारापर्यंत जाऊन परत आले होते. तिनं आपलं पाऊल त्यांच्याशी लावून बघितलं नाही. रस्ता सोडून पुढं जायची हिंमत तिला झाली नाही.

मागून गाडी आली आणि बरोबर तिथंच वाफ सोडून बंद पडली. सुगत रागानं लाल होऊन उतरला.

"तू चरवी परत केली न्हाईस?"

"केली."

"मंग ही काय हाय?"

गाडीच्या पायरीवर ती उभी होती, काठोकाठ भरलेली. इतके खड्डे खात गाडी आली होती तरी पायरी कोरडी होती. लुंबिनीनं गळा बघितला. तीच खरवडलेली नावं.

"मागच्या खिडकीतून दिली की, म्या पायरीवर ठिवली," आतून सरजाबाई म्हणाली. "मला वाटलं तूच देऊन राहिली."

"माय, मी सायकलवर पुढं होते. गाडी चालू होती."

"हाव? मंग कोणी दिली?" आणि ती पुन्हा शेंगा फोडायला लागली.

भांडण झालं. सुगतचं म्हणणं, बायकोनं शहाणपणा करून लोकाचं भांडं ढापलं आणि आता मायच्या नावावर घालते आहे. लुंबिनीचं म्हणणं, तोटी नीट बसवता येत नाही त्यानं तोंड सांभाळावं. शेवटी पाणी इंजिनात ओतलंच, दुसरं पाणी होतं कुठं? मग सरजाबाईनं कमरेची चंची सोडली. सुपारी, कात, तंबाखू, तिच्या सासूपासून चालत आलेला अडकित्ता. सगळी चंचीच तिनं चरवीत टाकली.

"माय, ही कामून देऊन राहिल्या? साखर घालते ना मी."

"मपली वस्तू हाय, मी देते. तिनं इचारलं न्हाई बघ. हातात दिली."

लुंबिनी दारापर्यंत गेली. या वेळी हात बाहेर आला नाही. तिनं चरवी उंबऱ्यावर ठेवली आणि मागं सरकणार, तेवढ्यात आतून आवाज आला. दोन शेंगा फुटल्या. थांबलं. फुंकर. पुन्हा दोन शेंगा. थांबलं. फुंकर. पहिल्यांदा दिलेल्या शेंगा खात असेल बाई, खाऊ दे, तिनं मनाला समजावलं. पण तोच ठेका, तेवढंच थांबणं, तशीच दातांच्या फटीतून सुटणारी फुंकर.

"कमी हाय," आतून आलं.

ती पळत गाडीत आली. "माय," ती म्हणाली, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून, "रेणापुरात तुमच्या भावाचं घर नेमकं कुठं होतं?"

सरजाबाईनं तिच्याकडं बघितलं. "कोणता भाऊ?"

४

"थकली ती," सुगत म्हणाला. "गाडीत बसून बसून डोकं भणभणतंच माणसाचं." पण त्याचाही चेहरा उतरला होता. त्यानं आडरस्ता सोडला आणि गाडी लातूरच्या मोठ्या रस्त्याला घातली. दोन्हीकडून ट्रक, धाबे, पंक्चरची दुकानं, पेट्रोलपंप. "हितं कुठलं आलं घर?" तो मोठ्यानं म्हणाला आणि लुंबिनीला त्याचा पहिल्यांदाच आधार वाटला. तिनं सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, मागचं दार आतून कडी घालून बंद केलं आणि ती सरजाबाईला चिकटून बसली. तिचा हात हातात धरला. परतायचं ठरलं होतं. रेणापूर राहू दे, लातूरला गाडी दाखवायची आणि सरळ नांदेड. जशी नेली तशी.

धम्मप्रियाचा फोन आला. "माय कशी हाय?"

"बरी हाय. आम्ही परत निघालोत."

"तुझा आवाज असा का येऊन राहिला?"

"रेंज न्हाई," म्हणून लुंबिनीनं फोन बंद केला.

पेट्रोलपंप गेला, धाबा यायचा होता आणि मधल्या मोकळ्या जागेत गाडी आचके देऊन थांबली. भर दुपार. ट्रक घोंघावत जात होते. डाव्या हाताला निळं दार होतं.

सुगतनं ते पाहिलं. शिवीसुद्धा दिली नाही. गाडी सोडून त्यानं सायकल काढली. "मिस्त्री घेऊन येतो. मायजवळून हलू नको. दार उघडू नको." आणि तो जिवाच्या आकांतानं पायडल मारत गेला.

चरवी बाकाखाली होती. लुंबिनीनं ती पाहिली तेव्हा तिला आश्चर्यही वाटलं नाही, नुसता संताप आला. या वेळी ती रिकामी होती. काय हवं आहे तुला? शेंगा झाल्या, चंची झाली. आणि तेव्हा तिला ते समजलं. शेंगा सरजाबाईच्या ओंजळीतल्या. चंची सरजाबाईच्या कमरेची. लुंबिनीनं स्वतः एक दाणासुद्धा दिला नव्हता, तिच्याकडं कोणी मागितलाही नव्हता.

तिनं खिडकी उघडली आणि चरवी सगळा जोर लावून रस्त्यावर फेकली. एक ट्रक तिच्यावरून गेला असावा, कारण मोठा आवाज झाला. ती बघायला वाकली. रस्ता मोकळा होता.

वळली तर बाक रिकामं होतं. कडी काढलेली, दार उघडं. सूप बाकावर, शेंगा सुपात.

सरजाबाई अंगणातून चालली होती. एका गुडघ्यावर भार देत, लंगडत, पांढऱ्या पातळाचा पदर सावरत, कमरेवर चरवी.

"माय! माय, थांबा! ती रिकामी हाय!"

सरजाबाई वळली. तिच्या तोंडावर हसू होतं, नवीन लुगडं नेसून बाहेर पडताना असतं तसं. "कुठं रिकामी हाय गं," ती म्हणाली. "मी देऊन येते. इतक्या वर्षात कोणी हातात दिली न्हाई." आणि उंबरा ओलांडून ती आत गेली.

लुंबिनी धावली. चरवीत काहीतरी घालायला म्हणून पिठाचा डबा कधी उचलला तिला कळलं नाही. सारवलेल्या अंगणात ती घसरली, उठली, पुन्हा धावली. दाराशी पोचते तोच सरजाबाई बाहेर आली. हात मोकळे होते.

"चल," ती म्हणाली. "झालं."

आणि ती झपझप पुढं निघाली. ती लंगडत नव्हती.

लुंबिनी दारात उभी राहिली. आत अंधार होता, आणि डोळे सरावायला लागले तसं तिला खोलीच्या कोपऱ्यात कोणीतरी दिसलं. पाठमोरं. पांढरं पातळ. एक पाय पुढं पसरलेला, दुसरा गुडघा अवघडून वर घेतलेला. सूप गाडीतच राहिलं होतं तरी हात चालत होते. दोन शेंगा. थांबणं. फुंकर. भोवती आणखी बऱ्याच जणी बसल्यासारख्या वाटल्या, भिंतीला लागून, सगळ्या पाठमोऱ्या, पण तेवढं तिला नीट दिसलं नाही. ती "माय" म्हणाली. कोपऱ्यातली मान वळायला लागली, आणि निळं दार आतून लागलं.

तिनं दारावर मुठी मारल्या. हाताला नुसता पत्रा लागत होता.

मागून हाक आली. "ये की गं. ऊन किती हाय." गाडीच्या खिडकीत सरजाबाई बसली होती.

५

मल्लिनाथ मिस्त्रीनं बोनेट उघडलं, हात घालून बघितलं आणि सुगतकडं बघून हसला. "काही झालं न्हाई हो. इंजिन गार हाय. चावी मारा." गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. घेतल्यापासून इतक्या गोड आवाजात ती कधी चालली नव्हती. सुगतला इतका आनंद झाला की त्यानं मिस्त्रीला मिठी मारली.

"बघितलं? उगाच घाबरलो आपण," गाडी हाणताना तो म्हणाला. "माय, बरं वाटून राहिलंय ना?"

"लई बरं," मागून आलं.

लुंबिनी मागंच, सरजाबाईच्या समोरच्या बाकावर बसली होती. तिला सुगतला सांगायचं होतं. काय सांगणार? तुझी माय मागंच राहिली, गाडी वळव, असं? आणि वळवून जायचं कुठं? गाडी निघताना तिनं वळून पाहिलं होतं. पेट्रोलपंप आणि धाब्यामधल्या जागेत नुसतं गवत होतं.

समोर सरजाबाई ताठ बसली होती. तेच पातळ, तोच कपाळावरचा व्रण, तेच हात. सूप बाजूला पडलेलं. नांदेडपासून थांबला नव्हता तो आवाज आता येत नव्हता. माय थकली असेल. गुडघा मधूनमधून बरा असतोच. अंधारात माणसाला काहीही दिसतं. लुंबिनी मनाला एकेक करून सांगत होती आणि मन एकही ऐकत नव्हतं.

फोन वाजला. धम्मप्रिया. तिनं उचलला.

"निघालात ना? मायला फोन दे."

तिनं फोन पुढं केला. सरजाबाईनं तो घेतला नाही. तिनं हात मागं ओढून घेतला, पदर सावरून जरा लांब सरकली आणि म्हणाली, "ठिव तिथं. मी घेते."

लुंबिनीच्या घशाला कोरड पडली. "वयनी? वयनी, काय झालं?" फोनमधून आवाज येत राहिला. फोन बाकावर पडला होता.

"तहान लागली का?" सरजाबाई म्हणाली. आवाज मायेचा होता. तिनं बाटली उचलली, बूच उघडलं. लुंबिनीनं गवसला तो स्टीलचा पेला पुढं केला.

सरजाबाईनं पेल्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती उठून उभी राहिली, चालत्या गाडीत, कशालाही न धरता, आणि बाटली डोक्याइतकी उंच धरली.

"कोणाची गं तू?" ती म्हणाली. "वंजळ धर."

पुढून सुगत हसत म्हणाला, "माय, मलाही दे गं घोटभर."

लुंबिनीनं पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. पाणी लांबून आलं, बर्फासारखं गार, आणि कोपरापर्यंत सगळं ओलं झालं.